चटयांची सभा : फ्रान्सिस्कन साधुसंघ आणि अपरिग्रहाचा प्रश्न

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



एका जैन ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवात ख्रिस्ती साधूंच्या सभेविषयी बोलायचे, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. जीर्णोद्धार, पाठशाळा, जीवदया, साधुसाध्वींची वैयावच्च हे अशा प्रसंगीचे स्वाभाविक विषय. परंतु या सर्व कार्यांच्या मुळाशी एक प्रश्न दडलेला आहे. ज्यांनी घरदार, धन आणि स्वामित्व यांचा त्याग केला, त्यांच्या डोक्यावरचे छप्पर कोणाचे? हा प्रश्न आठशे वर्षांपूर्वी इटलीतील एका माळरानावर जमलेल्या तीन हजार साधूंपुढेही उभा होता. त्याला जी उत्तरे मिळाली, ती आपल्या ट्रस्टच्या दप्तराशी इतक्या जवळून संबंधित आहेत की त्यांची ओळख करून घेणे उचित ठरावे.

मध्य इटलीतील असिसी हे डोंगरउतारावरचे छोटे नगर. तेथील पिएत्रो बेर्नार्दोने या कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरी ११८१ किंवा ११८२ साली फ्रान्सिस यांचा जन्म झाला. तारुण्यात चैन, मग युद्ध, कैद आणि आजारपण, आणि अखेरीस सर्वस्वत्याग. पित्याने धर्माध्यक्षांपुढे फिर्याद मांडली तेव्हा अंगावरचे वस्त्रही उतरवून त्यांनी पित्याच्या हाती दिले, हा प्रसंग युरोपातील चित्रकारांनी पुन:पुन्हा रंगविला आहे. १२०९ साली पोप तिसरे इनोसंट यांनी त्यांच्या लहानशा गटाच्या जीवनक्रमाला तोंडी संमती दिली. या गटाने स्वत:ला 'कनिष्ठ बंधू' असे नाव घेतले. त्यांच्या नियमात धनाला स्पर्श वर्ज्य होता. घर, जागा वा अन्य कोणतीही वस्तू स्वत:ची म्हणून धरू नये, श्रम करावेत, आणि त्याने न भागले तर भिक्षा मागावी, असा त्यांचा आचार होता.

त्यापूर्वीचे ख्रिस्ती साधू बहुधा मठात राहत. बेनेडिक्टच्या परंपरेत एकेकटा साधू निर्धन असे, मठ मात्र जमिनी, द्राक्षमळे आणि गिरण्या यांचा धनी असे. फ्रान्सिस यांना हे मान्य नव्हते. व्यक्तीने सोडायचे आणि संघाने धरायचे, हा त्याग त्यांना अपुरा वाटे. संघही अकिंचन असला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता, आणि पुढील सर्व वादळांचे बीज याच आग्रहात होते.

मठ नाही म्हटल्यावर विखुरलेल्या बंधूंनी एकमेकांना भेटायचे कसे? यातून वार्षिक सभेची प्रथा आली. जुन्या मठांत साधू रोज एकत्र येऊन नियमातील एक अध्याय वाचत, त्यावरून त्या बैठकीलाच 'चॅप्टर' म्हणजे अध्याय म्हणू लागले. तोच शब्द या सभेलाही लागला. प्रारंभी बंधू वर्षातून दोनदा, पेंटेकॉस्टच्या सणाला आणि सप्टेंबरअखेर संत मायकेलच्या सणाला, असिसीखालच्या मैदानातील पोर्त्सिउंकोला या इवल्याशा प्रार्थनागृहापाशी जमत. प्रार्थना होई, दोषांची कबुली व क्षमायाचना होई, नियमावर विचार होई, आणि मग कोणी कोणत्या प्रांतात जायचे ते ठरे. दोषस्वीकाराचा हा भाग ऐकताना प्रतिक्रमणाची आठवण होणे स्वाभाविक आहे.

ते पोर्त्सिउंकोला तरी कोणाचे? ते सुबासिओ डोंगरावरच्या बेनेडिक्टी मठाचे होते. मठाधिपतींनी ते बंधूंना वापरावयास दिले आणि मोबदला मागितला नाही. तरीही फ्रान्सिस यांनी दरवर्षी लहान माशांची एक टोपली मठाला भाड्यादाखल पाठविण्याचा परिपाठ ठेवला, आणि मठाकडून उलट तेलाचे भांडे येई, असे त्यांचे जुने चरित्रसाहित्य सांगते. मासळीचा उल्लेख येथे अनेकांना खटकेल, आणि तो झाकण्याचे कारण नाही. हे साधू शाकाहारी नव्हते, समोर वाढलेले अन्न स्वीकारण्याची त्यांना मुभा होती, आणि अहिंसेच्या सूक्ष्म विचारात त्यांची व श्रमणांची वाट एक नाही. टोपलीत काय होते, यापेक्षा ती का पाठविली जाई, हे येथे महत्त्वाचे. जागा आपली नाही, याची आठवण वर्षातून एकदा देवाणघेवाणीच्या रूपाने व्हावी, हा तिचा हेतू.

आपल्या साध्वाचारात 'शय्यातर' ही संज्ञा आहे. ज्याच्या जागेत साधू उतरतो तो शय्यातर. साधू त्याची अनुज्ञा घेऊन राहतो आणि त्याच्या घरची गोचरी घेत नाही. निवारा देणाऱ्यावर अन्नाचाही भार पडू नये, आणि आश्रयाच्या मोबदल्यात कसली आसक्ती निर्माण होऊ नये, अशी त्यामागची दृष्टी. एका परंपरेने जागा देणाऱ्याला टोपली पाठविली, दुसरीने जागा देणाऱ्याकडून घास घेण्याचे टाळले. मार्ग उलट दिशांचे असले तरी दोघांचीही नजर जागेच्या मालकावरून हललेली नाही.

आता १२२१ सालच्या सभेकडे वळू. तिच्यात भाग घेतलेल्या एका साधूची आठवण आपल्यापर्यंत पोहोचली आहे, म्हणून ती विशेष. जियानो गावचे बंधू जॉर्डन यांनी १२६२ साली, म्हणजे चाळीसहून अधिक वर्षांनंतर, जर्मनीतील हाल्बरस्टाट येथे वृद्धावस्थेत आपला वृत्तांत सांगून लिहवून घेतला. संतचरित्रांत सर्वत्र चमत्कार असतात. जॉर्डन यांच्या वृत्तांतात मात्र माणसे भेटतात, आणि लेखक स्वत:च्या फजितीवरही हसतो.

त्या वर्षी पेंटेकॉस्टला सुमारे तीन हजार बंधू जमले, असे जॉर्डन सांगतात. नंतरच्या लोकप्रिय कथांनी हा आकडा पाच हजारांवर नेला. जमलेल्यांना राहायला इमारत नव्हती. वेत, गवत आणि बोरू यांच्या चटया उभ्या करून त्यांच्या आडोशाला बंधू झोपले, म्हणून अशा सभेला 'चटयांची सभा' हे नाव परंपरेत रूढ झाले. उघड्या मैदानात कुंपण घालून जेवणाच्या तेवीस पंगती मांडल्या होत्या. आसपासच्या गावांतून लोकांनी इतके अन्न आणले की सातव्या दिवशी बंधूंना दार लावून घ्यावे लागले, आणि आलेले संपविण्यासाठी आणखी दोन दिवस मुक्काम वाढवावा लागला. भिक्षेवर जगणाऱ्यांची ही अडचण मोठी अर्थपूर्ण आहे. त्याग जितका खरा, तितका दानाचा ओघ मोठा. चातुर्मासाच्या व्यवस्थेत ज्यांनी भाग घेतला आहे त्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. साधूंसाठी मुद्दाम सिद्ध केलेला आहार साधूंना कल्पत नाही, आणि श्रावकांच्या उत्साहाला मर्यादा राहत नाही, या दोहोंच्या मध्ये कार्यकर्त्यांची जी धावपळ होते, तिचाच हा इटालियन नमुना म्हणावा.

फ्रान्सिस तेव्हा आजारी होते. आदल्या वर्षी पूर्वेकडच्या प्रवासाहून परतल्यावर त्यांनी संघाचे प्रमुखपद सोडले होते, आणि कारभार बंधू एलियास यांच्याकडे होता. सभेत फ्रान्सिस एलियास यांच्या पायांशी बसले होते. काही सांगायचे झाले की ते एलियास यांच्या झग्याचा काठ ओढत, एलियास वाकून ऐकत आणि ते शब्द मोठ्याने सभेला सांगत. एका महान संघाचा संस्थापक आपल्याच वारसाच्या पायांशी बसून झग्याला हिसका देतो आहे, हे दृश्य जॉर्डन यांनी टिपले नसते तर कोणी कल्पिलेही नसते.

सभा संपत आली तेव्हा फ्रान्सिस यांनी पुन्हा झगा ओढला. जर्मनीचे राहून गेले होते. दोन वर्षांपूर्वी, १२१९ साली, सुमारे साठ बंधू तिकडे गेले होते. त्यांना जर्मन भाषा येत नव्हती. निवारा, अन्न हवे का, असे लोकांनी विचारले तेव्हा त्यांनी 'या' म्हणजे 'होय' असे उत्तर दिले, आणि चांगले आदरातिथ्य झाले. मग प्रत्येक प्रश्नाला 'या' म्हणायचे त्यांनी ठरविले. पुढे कोणी विचारले, की तुम्ही लोम्बार्डीतले पाखंडी आहात काय, आणि आमच्या देशात पाखंड पसरविण्यास आला आहात काय? उत्तर तेच. परिणामी काहींना मार, काहींना तुरुंग, काहींची वस्त्रे फेडून लोकांसमोर विटंबना. हंगेरीला गेलेल्यांची कथा निराळी नव्हती. मेंढपाळ कुत्री सोडीत आणि वस्त्रे हिसकावून घेत. अखेर आतले वस्त्र तरी राहावे म्हणून बंधूंनी त्याला शेण फासले.

त्यामुळे एलियास यांनी जाहीर केले की या खेपेला कोणावर सक्ती नाही, जो स्वखुशीने जाईल त्याने उठावे. सुमारे नव्वद जण उठले आणि हौतात्म्याच्या तयारीने एका बाजूस उभे राहिले. जॉर्डन उठले नाहीत. जर्मनांच्या क्रौर्यापासून आपल्याला वाचव, अशी प्रार्थना ते नित्य करीत. परंतु हे नव्वद जण उद्याचे हुतात्मे, तेव्हा त्यांची नावे तरी विचारून घ्यावीत, पुढे 'यांना मी ओळखत होतो' असे सांगता येईल, या विचाराने ते त्यांच्यात शिरले. पाल्मेरिओ नावाच्या एका विनोदी बंधूने त्यांना धरून शेजारी बसविले, आणि तूही आमच्यातलाच, आमच्याबरोबर येणार, असे म्हणत सोडेचना. जॉर्डन आर्जवे करू लागले, की आपण केवळ नावे विचारावयास आलो. गोंधळ वाढला. दुसऱ्या प्रांताचे बंधू त्यांना आपल्याकडे मागू लागले, आणि प्रकरण एलियास यांच्यापुढे गेले. जायचे की राहायचे, ते तूच ठरव, अशी आज्ञा झाली. आज्ञाधारकतेचे व्रत घेतलेल्याला स्वत:च्या इच्छेने ठरविण्याची आज्ञा व्हावी, याहून मोठा पेच कोणता? जाऊ म्हटले तर मरणाची भीती, नको म्हटले तर पुण्याला मुकण्याची. हंगेरीत पंधरा वेळा नागविल्या गेलेल्या एका अनुभवी बंधूचा सल्ला त्यांनी घेतला. तो म्हणाला, जायचेही नाही आणि न जायचेही नाही, आपली आज्ञा असेल ते करीन, एवढेच सांग. जॉर्डन यांनी तसेच सांगितले, आणि एलियास यांनी त्यांना जर्मनीला धाडले.

स्पायर नगरीचे बंधू सीझर यांच्या नेतृत्वाखाली ही तुकडी आल्प्स ओलांडून गेली. त्याच तुकडीत पुढे फ्रान्सिस यांचे पहिले चरित्र लिहिणारे चेलानोचे थॉमस होते, आणि १२४५ साली पोपचे दूत म्हणून मंगोल खानाच्या छावणीकडे निघालेले पियान दि कार्पिनेचे जॉन होते. कोणालाही हौतात्म्य आले नाही. जर्मनीने या खेपेस त्यांचे स्वागतच केले. नावे विचारावयास गेलेला माणूस त्या देशात आयुष्यभर राहिला.

या वृत्तांतात एक छोटी नोंद आहे, ती छप्पराच्या प्रश्नाला थेट भिडते. १२२४ साली जॉर्डन व त्यांचे सहकारी एरफुर्ट नगरात आले. नागरिकांनी त्यांच्यासाठी वास्तू बांधण्याचे ठरविले आणि विचारले, की मठाला असते तशी आवाराची रचना हवी काय? जॉर्डन यांनी मठ कधी जवळून पाहिलाच नव्हता. ते म्हणाले, की तसले आवार म्हणजे काय ते ठाऊक नाही, घर पाण्याजवळ बांधा म्हणजे पाय धुवायला उतरता येईल. आणि तसेच घर बांधले गेले.

परंतु घर म्हणजे कोणाचे घर? फ्रान्सिस यांच्या चरित्रकारांनी दोन प्रसंग नोंदविले आहेत. एकदा सभेसाठी येणाऱ्या बंधूंची गैरसोय पाहून असिसीच्या नागरिकांनी, फ्रान्सिस बाहेरगावी असताना, पोर्त्सिउंकोलाशेजारी दगडचुन्याचे घर उभारले. परत आल्यावर ते पाहून फ्रान्सिस कष्टी झाले. हीच प्रथा इतर ठिकाणी जाईल, या भयाने ते थेट छपरावर चढले आणि कौले काढून खाली फेकू लागले. सभेच्या बंदोबस्ताला आलेले नगरातील सरदार धावले आणि म्हणाले, की हे घर नगराचे आहे, बंधूंचे नव्हे. फ्रान्सिस थांबले. तुमचे असेल तर हात लावणार नाही, असे सांगून ते खाली उतरले. दुसरा प्रसंग बोलोन्याचा. 'बंधूंचे घर' अशी त्या वास्तूची प्रसिद्धी झालेली ऐकताच त्यांनी सर्वांना, आजाऱ्यांनासुद्धा, बाहेर काढविले. ते घर आपले आहे, असे कार्डिनल उगोलिनो यांनी उघडपणे जाहीर केल्यावरच बंधू परत आत गेले.

वास्तू तीच, भिंती त्याच, राहणारेही तेच. केवळ 'कोणाची' या एका शब्दाने सर्व फरक पडला. वरवर पाहता ही शब्दांची कसरत वाटेल, आणि पुढील शतकात विरोधकांनी नेमका हाच आक्षेप घेतला. तथापि ज्या दिवशी सरदार म्हणाले की घर नगराचे आहे, त्या दिवशी एक नवी कल्पना व्यवहारात उतरली. मालकी एकाकडे, उपभोग दुसऱ्याकडे, आणि मालकाने ती वस्तू स्वत:साठी न वापरता दुसऱ्याच्या हितासाठी सांभाळायची.

ही कल्पना इंग्लंडात कशी गेली, याचा वृत्तांत एक्लस्टनचे थॉमस या बंधूने लिहून ठेवला आहे. १० सप्टेंबर १२२४ रोजी नऊ फ्रान्सिस्कन डोव्हर बंदरात उतरले. कँटरबरी, लंडन, ऑक्सफर्ड अशी त्यांची ठाणी झाली. धनिकांनी जागा देऊ केल्या, पण बंधू मालक होण्यास तयार नव्हते. मग लंडनमध्ये जॉन आयविन या कापडव्यापाऱ्याने आपली जागा नगरजनांच्या नावे केली, बंधूंच्या उपयोगासाठी. पुढे तो स्वत:च संघात दाखल झाला. ऑक्सफर्ड व कँटरबरी येथेही तीच तजवीज झाली. इंग्रजी कायद्यात 'यूज' या नावाने जी पद्धत पुढे वाढली आणि जिच्यातून आजच्या 'ट्रस्ट'चा कायदा घडला, तिच्या आरंभीच्या ठळक उदाहरणांत या जागांची गणना मेटलंड या थोर विधि-इतिहासकाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केली. विद्वानांत याविषयी एकमत नाही. कोणी रोमन कायद्याकडे बोट दाखवितात, कोणी इस्लामी वक्फकडे. परंतु अकिंचन साधूंच्या निवाऱ्याची अडचण त्या इतिहासात होती, हे निश्चित. तोच इंग्रजी कायदा १८८२ च्या अधिनियमाने हिंदुस्थानात आला. धार्मिक व धर्मादाय संस्थांसाठी १९५० साली मुंबई राज्याने स्वतंत्र अधिनियम केला, तो आज महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. धर्मादाय आयुक्तांच्या नोंदवहीत ज्या ट्रस्टचे नाव आहे, त्याच्या विश्वस्तांनी हे पूर्वज लक्षात ठेवायला हरकत नाही.

देवद्रव्य, साधारण खाते, जीवदया खाते, वैयावच्च खाते ही वेगवेगळी दालने आपल्या परंपरेने कायद्याच्या कितीतरी आधी बांधली. देवद्रव्याचा पैसा विश्वस्ताच्या नव्हे, साधूच्याही नव्हे. हा विवेक येथे परका नाही. फ्रान्सिस्कनांच्या इतिहासाचा उपयोग आहे तो हा विवेक सुटला म्हणजे काय होते, ते पाहण्यापुरता.

३ ऑक्टोबर १२२६ रोजी फ्रान्सिस यांचे देहावसान झाले. दोन वर्षांतच असिसीत त्यांच्या समाधीवर भव्य मंदिराचे काम सुरू झाले. १२३० साली सभेत मतभेद विकोपाला गेले आणि प्रश्न पोपकडे नेण्यात आला. पोप होते नववे ग्रेगरी, म्हणजेच बोलोन्याचे घर आपले म्हणणारे उगोलिनो. त्यांनी निर्णय दिला, की बंधूंच्या गरजेचा पैसा कोणी 'आध्यात्मिक मित्र' सांभाळील, बंधूंनी केवळ वापर करावा. पुढे १२७९ साली पोप तिसरे निकोलस यांनी संघाच्या वापरातील वस्तूंची मालकी रोमच्या धर्मपीठाकडे असल्याचे पक्के केले. कागदोपत्री व्यवस्था निर्दोष झाली. प्रत्यक्षात कोठारे भरली, मंदिरे उंच झाली. मालकी नाही एवढे पुरे की वापरही अल्प हवा, यावर संघ दुभंगला. अल्प वापराचा आग्रह धरणाऱ्यांना 'आत्मिक' म्हणत. त्यांच्यापैकी चौघांना ७ मे १३१८ रोजी मार्सेय येथे जिवंत जाळण्यात आले. अपरिग्रहाच्या नावाने ही हिंसा घडली, आणि तीही स्वधर्मीयांकडून.

या वादाचा एक धागा महाराष्ट्रात येऊन पोहोचतो. तोलेन्तिनोचे थॉमस हे आत्मिक पक्षाचे बंधू. अकिंचनतेच्या आग्रहासाठी त्यांनी इटलीत तुरुंगवास सोसला, आणि सुटकेनंतर ते पूर्वेकडे आर्मेनियात गेले. पुढे चीनला निघालेल्या प्रवासात ते तीन सोबत्यांसह ठाण्याच्या बंदरात उतरले, आणि एप्रिल १३२१ मध्ये काझीपुढील वादानंतर चौघेही मारले गेले. त्यांचे सहप्रवासी डोमिनिकन साधू जॉर्डन यांनी त्यांचे दफन सोपाऱ्यात केले. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, जैन वाङ्मयाला परिचित असलेले बंदर. चटयांच्या सभेला तेव्हा नेमकी शंभर वर्षे झाली होती.

दुसऱ्याच वर्षी, १३२२ साली, पेरुजा येथे संघाची सभा भरली. ख्रिस्त आणि त्याचे शिष्य यांची कसलीही मालकी नव्हती, एकत्रितही नव्हती, असे सभेने जगजाहीर केले. पोप बाविसावे जॉन हे कसलेले कायदेपंडित. त्यांनी त्याच वर्षी धर्मपीठाकडची मालकी संघाच्या गळ्यात परत घातली. त्यांचा युक्तिवाद मोठा मार्मिक होता. घर वापरले तरी घर उरते. भाकरी खाल्ली की भाकरी उरत नाही. मग खाल्लेल्या भाकरीची मालकी धर्मपीठाकडे राहिली, याला अर्थ काय? १३२३ च्या नोव्हेंबरात त्यांनी पेरुजाचे मतच पाखंड ठरविले. संघप्रमुख चेझेनाचे मायकेल १३२८ साली आव्हिन्योंहून रातोरात निसटले, त्यांच्याबरोबर ओकमचे विल्यम हे तत्त्वज्ञही होते.

जॉन यांच्या युक्तिवादाला त्या बंधूंपाशी पुरेसे उत्तर नव्हते, असे म्हणावे लागते, कारण दोन्ही पक्ष परिग्रहाला कायद्याच्या भाषेत तोलत होते. उमास्वातींनी परिग्रहाची व्याख्या मूर्च्छा, म्हणजे ममत्व, अशी केली. भाकरी कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न तेथे दुय्यम, घास घेताना 'माझी' ही जाणीव उठते की नाही, हा मुख्य. अर्थात ही व्याख्या हाती असूनही आपला इतिहास कलहमुक्त राहिला नाही. वस्त्र परिग्रह की नाही, यावर श्रमणसंघ दुभंगला. साधूंनी चैत्यात कायमचे राहावे की नाही, यावर पाटणच्या दुर्लभराजाच्या दरबारात जिनेश्वरसूरींनी चैत्यवासींशी वाद केला. व्याख्या सूक्ष्म असली म्हणजे पळवाटाही सूक्ष्म होतात. फ्रान्सिस्कनांचे वाद १५१७ साली पोप दहावे लिओ यांनी संघाचे औपचारिक विभाजन केल्यावरही थांबले नाहीत. १५२८ साली कॅपुचिन ही आणखी कडक शाखा निघाली. आणि पोर्तुगीज गलबतांबरोबर जे फ्रान्सिस्कन गोव्यात व वसईत आले, ते तर राजसत्तेच्या छत्राखाली आले. त्यांच्या कारकिर्दीत मंदिरांचा विध्वंस झाला, हे सत्य येथल्या श्रोत्यांपासून लपवून संतांची कथा सांगणे योग्य नव्हे.

चटयांच्या सभेची स्मृती मात्र संघाने सोडली नाही. तोंडी संमतीला आठशे वर्षे झाली म्हणून एप्रिल २००९ मध्ये चारही शाखांचे सुमारे दोन हजार बंधू जगभरातून असिसीला आले. १५ ते १८ एप्रिल अशी चार दिवसांची ही आंतरराष्ट्रीय सभा मोठ्या मंडपात भरली. पहिला दिवस स्वागताचा, दुसरा अनुभवकथनाचा, तिसरा उपवास व प्रायश्चित्ताचा, चौथा कृतज्ञतेचा. शेवटच्या दिवशी कास्तेल गांदोल्फो येथे पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्यापुढे बंधूंनी आपल्या व्रतांचा पुनरुच्चार केला. शतकानुशतके एकमेकांना शिथिल वा अतिरेकी म्हणणाऱ्या शाखा एकत्र बसल्या, हे त्या चार दिवसांचे फलित.

उत्सवी सभा सोपी असते. खरी कसोटी कारभाराच्या सभेत लागते. सर्वांत मोठ्या शाखेची अशी सभा दर सहा वर्षांनी भरते. प्रांतोप्रांतीचे प्रमुख व निवडून आलेले प्रतिनिधी येतात, भाषांतराच्या साहाय्याने चर्चा करतात आणि संघप्रमुख निवडतात. त्याला 'मिनिस्टर' म्हणतात. फ्रान्सिस यांनी हा शब्द 'सेवक' या अर्थी निवडला होता, आज तो ऐकून कोणाच्या डोळ्यांपुढे लाल दिव्याची गाडी आली तर तो दोष फ्रान्सिस यांचा नव्हे.

डिसेंबर २०१४ मध्ये तेव्हाचे संघप्रमुख मायकेल पेरी यांनी जगभरातील बंधूंना उघड पत्र लिहिले. संघाचे मध्यवर्ती कार्यालय गंभीर आर्थिक संकटात सापडले होते. संशयास्पद आर्थिक व्यवहार झाले होते, कर्जाचा बोजा वाढला होता, आणि देखरेखीची व्यवस्था एकतर दुबळी होती किंवा डावलली गेली होती, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. धनाला न शिवण्याचे व्रत घेतलेल्या संघाच्या प्रमुखावर ही वेळ आली. कदाचित व्रतामुळेच आली असेल. पैसा हा आपला विषय नाही, अशी समजूत झाली की हिशेब पाहणेही हीन वाटू लागते, आणि वही ज्याच्या हाती असेल त्याचे फावते. पेरी यांना पत्र गुप्त ठेवता आले असते. तसे न करता त्यांनी दोष संघापुढे मांडला, आणि प्रकरण कायद्याच्या अधिकाऱ्यांकडे दिले.

पुढच्या वर्षी, मे २०१५ मध्ये, ठरल्याप्रमाणे संघाची सभा भरली. स्थळ होते असिसीखालचे तेच मैदान. पोर्त्सिउंकोलाचे इवले प्रार्थनागृह आज एका विशाल मंदिराच्या पोटात उभे आहे, आणि बंधू उतरले होते ती इमारत तेथून काही पावलांवर. जगाच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या प्रतिनिधींनी मायकेल पेरी यांनाच पुन्हा संघप्रमुख निवडले. एके काळी याच ठिकाणी नगराच्या सरदारांनी फ्रान्सिस यांना छपरावरून खाली उतरविले होते.